अक्काचा फोटो कोण काढणार?

आमच्या मजल्यावर सकाळी सगळ्यांत आधी उघडायचं ते गिरिजाक्काचं तोंड. स्टुडिओचं शटर त्यानंतर. शटर अडकलं की ती शटरला बोलायची, लाईट गेली की बल्बला बोलायची, आणि ऊन ढगाआड गेलं की जिन्यातल्या खिडकीशी उभी राहून थेट आभाळाला सुनवायची. कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या त्या इमारतीत पहिल्या मजल्यावर आमची दुकानं समोरासमोर होती. माझं डीटीपीचं. लग्नपत्रिका, व्हिजिटिंग कार्डं, दुकानांची पत्रकं कॉम्प्युटरवर जुळवून द्यायची. तिचा फोटो स्टुडिओ. मधे एक अरुंद बोळ. त्यामुळे तिचं सगळं मला ऐकू यायचं, आणि न ऐकण्याची सोय नव्हती.

स्टुडिओवर पाटी होती 'प्रभू फोटो'. प्रभू म्हणजे तिचे यजमान, प्रभुअण्णा. अण्णांना मी अहो-जाहो करायचो. अक्कालाही सुरुवातीला केलं, तर म्हणाली, "मी काय मामलेदार हाय? अक्का म्हन आनि कामाचं बोल."

अण्णांचं घर लिंगायत, पिढ्यान् पिढ्या भांड्यांच्या व्यापारातलं. थोरले भाऊ दुकान सांभाळायचे. धाकट्याचं मन तांब्या-पितळेत रमेना, म्हणून नव्वद सालाच्या सुमाराला भावानं त्यांना हा स्टुडिओ काढून दिला. माणूस देखणा, मिशी कोरलेली, शर्टाला कडक इस्त्री. गिऱ्हाइकाला चहा दिल्याशिवाय सोडायचे नाहीत. फक्त त्यांना फोटो काढता यायचा नाही. हात थरथरायचा वगैरे काही नव्हतं. भिडस्तपणा नडायचा. एका लग्नात ऐन हार घालायच्या वेळी मागून कुणीतरी म्हणालं, "अण्णा, जरा दिसू द्या की." अण्णा बाजूला झाले. अल्बममध्ये त्या जागी नवरीच्या मामाची पाठ आली. मुलीकडची मंडळी जिना चढून भांडायला आली तेव्हा अक्का आतल्या अंधाऱ्या खोलीत फोटो धूत होती. तोवर तिचं काम तेवढंच होतं. ती ओल्या हातानं बाहेर आली, सगळं ऐकून घेतलं, आणि पुढच्या लग्नाला जाताना अण्णांच्या गळ्यातला कॅमेरा काढून आपल्या गळ्यात घातला. तो परत दिला नाही.

तिचं माहेर संकेश्वरच्या पलीकडचं. घरात कानडी, बाहेर मराठी, आणि रागाच्या भरात दोन्ही. लग्नातल्या ग्रुप फोटोला पन्नास माणसं पन्नास दिशांना बघत असतात. मराठीत ओरडून कुणी ऐकत नाही. अक्का खुर्चीवर चढून एकदम कानडीत गरजायची, "इल्ली नोड्री!" म्हणजे 'इकडं बघा'. कुणाला काही कळायचं नाही. काय झालं म्हणून सगळी मुंडकी एकदम वळायची. तेवढ्यात खटका दाबलेला असायचा. "समजलं न्हाय की मानूस बघतंय," ती म्हणायची. "समजलं की हसाय लागतंय, आनि फोटोचा सत्यानाश."

कोल्हापुरात बायका 'मी आलो, मी गेलो' म्हणतात, त्यात नवल नाही. पण अक्काचा आवाजही घोगरा. फोनवर हे दोन्ही एकत्र आलं की परगावच्या माणसाचा हमखास गोंधळ व्हायचा.

"साहेब आहेत का?"

"कामाचं बोला."

"फोटोग्राफरशी बोलायचं होतं."

"मग बोलायलाईसा की. मीच काढतो फोटो."

पलीकडचा माणूस खूश होऊन पुढं बोलायला लागायचा. प्रत्यक्ष आला की मात्र सरळ काउंटरमागच्या अण्णांना नमस्कार घालायचा.

लग्नांच्या मागून शिरोली एमआयडीसीचं काम आलं. एका फाउंड्रीच्या मालकाला आपल्या मालाचं पत्रक छापायचं होतं. अण्णा जाऊन पंपाच्या ओतीव सुट्या भागांचे फोटो काढून आले, ते कोळशाच्या ढिगासारखे दिसत होते. मालक चिडून आला. दुसऱ्या दिवशी अक्का घरच्या दोन पांढऱ्या चादरी घेऊन गेली, त्या दोन्ही बाजूंना टांगल्या, आणि लोखंडावर खिडकीचा उजेड फिरवून घेतला. मालक म्हणाला, "ह्ये आमचंच हाय काय?" अक्का म्हणाली, "तुमचं लोखंड काळं न्हाय. तुमी अंधारातनं बघताय."

ते पत्रक मी जुळवलं होतं. प्रत्येक भागाखाली नाव टाकायला गेलो, तर तिनं माझा माऊस धरला. "खाली लिहून सांगायला लागलं तर फोटो फसला." मी म्हटलं, अक्का, गिऱ्हाइकाला नाव लागतंच. मग भांडून, मागच्या पानावर नावं द्यायची असा तह झाला.

शिरोलीला दोघं स्कूटरवरून जायची. अण्णा चालवायचे, अक्का मागं, मांडीवर कॅमेऱ्याची बॅग. कारखान्याच्या गेटवर पास बनायचा. त्यावर रखवालदार लिहायचा, 'फोटोग्राफर: प्रभू पाटणशेट्टी. सोबत एक.' ती सोबत एक म्हणजे अक्का. पहिल्यांदा ती भांडली. रखवालदार म्हणाला, "बाई, मला काय? कार्डावर ज्ये नाव हाय त्ये लिवलं." नंतर भांडायची नाही, पण बाहेर पडताना तो पास टेबलावर असा आपटायची, की शेजारचा चहाचा पेला हलायचा. अण्णा स्कूटरला किक मारायचे.

दोन हजार साल उलटून गेल्यावर पुण्याच्या एका कंपनीतून फोन आला. त्यांच्या अधिकाऱ्यानं ते पत्रक कुठंतरी पाहिलं होतं. यंत्रांचे फोटो काढून हवे होते, काम मोठं होतं, वर्षभर चालणारं. शेवटी तो म्हणाला, "तुमची वेबसाईट असेलच. तिचा पत्ता पाठवा. आमच्या डायरेक्टरांना दाखवतो."

"हाय की," अक्का म्हणाली. फोन ठेवला आणि बोळ ओलांडून माझ्यासमोर उभी राहिली. "वेबसाईट कर. लगेच."

मी तेव्हा नुकताच वेबसाईटी करायला शिकलो होतो. फोटो तिनं निवडून दिले, पानं मी मांडली. तिसरं पान 'आमच्याविषयी'. तिथं फोटोग्राफरचा स्वतःचा फोटो लागतो, असं मी सांगितलं.

"लागतोच?"

"सगळे लावतात. माणूस कोण आहे ते बघायला मिळतं."

तिला ते पटलं. फार पटलं. पडद्यावर फोटोसाठी मी सोडलेल्या रिकाम्या करड्या चौकोनावर तिनं बोट ठेवलं. "म्हंजे हितं मी दिसनार," ती म्हणाली. "मग फोनवर काय बी समजू देत. हितं बघितलं की कळतंय."

तिथून आमचे हाल सुरू झाले.

पहिला फोटो अण्णांनी काढला. मागच्या भिंतीवरची दिनदर्शिका स्वच्छ वाचता येत होती, अक्का धुक्यात. मी म्हटलं, शाहूपुरीतल्या अमक्या स्टुडिओत जाऊ, ते छान काढतात. अक्कानं माझ्याकडं असं बघितलं, की मी पडद्याकडं वळलो. "माझ्या वेबसाईटवर दुसऱ्यानं काढलेला फोटो? मग लोक त्यालाच बोलावतील की!" म्हणजे तिचा फोटो तिनंच काढायचा होता.

कॅमेरा तिपाईवर लावून, टायमरचा खटका दाबून पळत जाऊन पुढं उभं राहायचं, एवढंच काम. पण फोकस करायला समोर कुणीतरी लागतं. अण्णा उभे राहिले. ते उंच. अक्का त्यांच्या जागी जाऊन उभी राहिली तेव्हा तिच्या डोक्यावरची हवा उत्तम आली. मग भांड्यांच्या दुकानातून घागर आणून स्टुलावर ठेवली. त्यात अक्काचा गळा रेखीव आला, चेहरा नाही. तेव्हा रोल संपवायचा, लॅबला द्यायचा, संध्याकाळी प्रिंट बघायच्या आणि कपाळावर हात मारायचा, असं चालायचं. एका फोटोत ती अजून पळतच होती. एकात डोळे मिटलेले. एकात सगळं जमलं होतं, फक्त ती कॅमेऱ्याकडं अशी बघत होती, जणू त्यानं तिची पर्स मारली आहे.

रेशमी साडी नेसून काढला. "लग्नाला आल्यागत दिसतोय मी, जेवायची वाट बघत." साधी साडी नेसून काढला. "ही कोन? भांडी घासायला आलीया?" हातात कॅमेरा धरून काढला. तो तिनं माझ्या टेबलावर टाकला. "बघ. कॅमेरा भाड्यानं आनलाय."

मला त्यातले दोन-तीन चांगले वाटत होते. तसं म्हटलं की ती आणखी भडकायची. "तुला पत्रिकेतला गणपती बी चांगला वाटतोय!"

एका दुपारी मी चहा घेऊन गेलो तर ती स्टुडिओतल्या आरशासमोर स्टुलावर बसली होती. समोर सगळ्या प्रिंट पसरलेल्या. यावेळी आवाज चढलेला नव्हता.

"दुसऱ्याला मी सांगतो, हनुवटी खाली घे, खांदा सोड, दात दाखवू नको," ती म्हणाली. "मला कोन सांगनार? माझं तोंड काय करतंय ते मला आतनं कळतच न्हाय." मग एक प्रिंट उलटी ठेवत म्हणाली, "एवढी वर्सं लोकांची तोंडं बघितली. माझं बघायचंच ऱ्हायलं."

त्यातच अण्णांचे थोरले भाऊ आले. त्यांना कुठूनतरी कळलं होतं. खुर्चीवर बसून त्यांनी पाण्याचा पेला घेतला आणि अण्णांकडं बघत, अक्काकडं न बघता म्हणाले, "घरच्या सुनंचा फोटो त्या इंटरनेटवर? जगात कोन बी बघनार? आपल्या घरात हे न्हवतं प्रभू."

अण्णांनी काउंटरवरची पावती-पुस्तकं सारखी केली.

"भावजी," अक्का म्हणाली, "लगीन ठरवताना माझा फोटो तुमीच सगळ्या पावण्यांत फिरवलासा. निपाणीपासनं जयसिंगपूरपातुर. तवा कुनी बी बघत न्हवतं काय?"

भावजींनी पेला खाली ठेवला. आता भडका उडणार, असं बघून अण्णा घाईघाईनं म्हणाले, "मी काय म्हंतो, दोघांचा लावूया. म्हंजे घरचं बी राहतंय, आनि..."

"फोटो दोघं काढतो काय आपन?" अक्कानं विचारलं.

अण्णा खाली फरशीकडं बघायला लागले. थोरले भाऊ उठून गेले. अक्कानं त्या दिवशी शटर लवकर ओढलं, आणि त्यानंतर कितीतरी दिवस वेबसाईटचं नाव काढलं नाही. करडा चौकोन तसाच रिकामा. पुण्याहून दोनदा विचारणा झाली. दोन्ही वेळा ती म्हणाली, "हुईल." मी विषय काढला की म्हणायची, "तुझ्या पत्रिका बघ."

मग एकदा शिरोलीच्या एका फाउंड्रीत दिवसभराचं काम होतं. पांढऱ्या चादरी टांगायला तिला आणखी एक माणूस लागत होता, म्हणून मीही गेलो. भट्टीची धग, काळी वाळू, वर पत्र्याचं छप्पर. अक्का कधी फरशीवर पालथी, कधी शिडीवर. पदर खोचलेला, केस सुटलेले, गालावर काजळीचा पट्टा. अण्णा लाईटचा स्टँड धरून उभे. शेवटचा मोठा भाग लावून झाला, ती कॅमेऱ्यात डोळा घालून वाकली होती, आणि तेवढ्यात नवीन आलेला सुपरवायझर मागून आला. शिकलेला, सभ्य पोरगा.

"मावशी, जरा बाजूला होता का? फोटोग्राफरांना काम करू द्या," तो म्हणाला आणि अण्णांकडं बघून हसला.

आता ही काय करते, म्हणून मी हातातली चादर घट्ट धरली. तिनं सुपरवायझरकडं बघितलं नाही. वळून अण्णांकडं बघितलं. अण्णा नेहमीसारखं ओशाळं हसले आणि त्यांनी स्टँड जरा सरळ केला. बस्स.

अक्कानं तिपाई उचलून फिरवली. मला म्हणाली, "तितं हुबा ऱ्हा. माझ्याएवढा वाक." मी वाकलो. तिनं फोकस केला, खटका दाबला, मला ढकलून माझ्या जागी येऊन उभी राहिली. पळाली नाही, पदर सारखा केला नाही, गाल पुसला नाही. मागं, जरा एका बाजूला, भट्टी होती. कॅमेऱ्याकडं तिनं जसं बघितलं, तसं ती अण्णांकडं आत्ता बघून आली होती. खटका पडला. एकच काढला.

संध्याकाळी प्रिंट आली. अर्धा चेहरा भट्टीच्या उजेडात तांबूस, अर्धा चादरीच्या पांढऱ्या उजेडात. ओठ आवळलेले. डोळ्यांत राग होता, आणि रागाच्या खाली खूप जुना थकवा. अक्का प्रिंट घेऊन दिव्याखाली गेली.

"ह्यो लाव," ती म्हणाली.

"खाली नाव काय टाकू?"

"काय बी टाकू नको. बघितलं की कळतंय."

वेबसाईट चालू झाली. पुण्याच्या अधिकाऱ्याचा आठवड्याभरात फोन आला, फोटो सगळ्यांना फार आवडले आहेत, प्रत्यक्ष येऊन ठरवतो. तो आला तेव्हा मी मुद्दाम समोर जाऊन बसलो होतो. अक्का सकाळपासून तिसऱ्यांदा काउंटर पुसत होती. जिन्यात बुटांचा आवाज झाला. माणूस आत आला, अक्काला मान हलवून नमस्कार केला आणि तिच्या पलीकडं अण्णांपुढं हात केला.

"पाटणशेट्टी साहेब! फोनवर बोललोय आपण. काय काम आहे तुमचं! आणि तुमच्या वेबसाईटवर ती भट्टीसमोरची कामगार बाई आहे ना, तो फोटो तर आमच्या डायरेक्टरांनी सगळ्यांना बोलावून दाखवला. काय टिपलंय तुम्ही त्या बाईला!"

अक्काच्या हातातलं फडकं थांबलं. ती अगदी समोर, हातभर अंतरावर उभी होती. त्या माणसानं तिच्याकडं बघितलंच नव्हतं, त्यामुळे ओळखायचा प्रश्न नव्हता. मला वाटलं आता ती काहीतरी फेकून मारेल. पण तिचा चेहरा एकदम विझल्यासारखा झाला. तसा मी तो कधी पाहिला नव्हता.

अण्णांनी पाहिला. त्यांनी त्या माणसाचा हात सोडला आणि उभे राहिले.

"ती बाई ही," ते म्हणाले. "माजी मंडळी. तो फोटो तिनं सोत्ताच काढलाय. ते सगळेच फोटो तिनं काढलेत. फोनवर बी तीच बोलली तुमच्याशी." घसा खाकरून पुढं म्हणाले, "मला फोटो काढाय येत न्हाय, साहेब. पयल्यापासनंच येत न्हाय. पाटी नुसती माझ्या नावाची हाय."

तो बिचारा अधिकारी लाल झाला, माफी मागायला लागला. अण्णा घामानं भिजले होते. आयुष्यात पहिल्यांदाच कुणासाठी तरी बाजूला न होता उभे राहिले होते. मला वाटलं, आता अक्काच्या डोळ्यांत पाणी येणार.

ती अण्णांवर उसळली. "हे सांगायला तुमास्नी एवढी वर्सं लागली?"

"अगं..."

"गेटावर का न्हाय सांगितलं? त्या सुपरवायझरला का न्हाय सांगितलं? भावजींम्होरं तोंडात काय गुळनी धरलीती?" मग त्या अधिकाऱ्याकडं वळून, "बसा तुमी. चा घ्या. ह्येंचं-माझं चालू द्या."

काम मिळालं. दुसऱ्या दिवशी सकाळी अक्का माझ्याकडं आली, खुर्ची ओढून बसली आणि पडद्यावरच्या स्वतःच्या फोटोकडं बोट केलं.

"लिही बाबा खाली."

"काय लिहू?"

"फोटो आनि फोटोग्राफर, दोनी बी गिरिजा पाटणशेट्टी." मी लिहिलं. तिनं वाचलं, आणि तोंड कडू झाल्यासारखं करून उठली. "फसला म्हंजे," ती म्हणाली. दारातून परत वळली. "अक्षर जरा मोठं कर."

अण्णांना त्यानंतर पाटी बदलायची हौस आली होती. पेंटर बोलावून आणला त्यांनी. अक्कानं त्याला चहा पाजून परत पाठवला. "आता पाटी बदलली तर लोकांस्नी पत्ता सापडायचा न्हाय." खरं कारण काय, ते तिनं सांगितलं नाही आणि विचारायची माझी छाती नव्हती. लोक येतच राहिले आणि अण्णांना नमस्कार घालतच राहिले. फरक एवढाच की आता अण्णा दर वेळी उठून सांगायचे, आणि अक्का आतून ओरडायची, "पुरे झालं तुमचं भाषन, आत पाठवा त्यास्नी!"

पुढं मी दुकान आवरून सांगलीला गेलो. वेबसाईट कुणी चालू ठेवली नाही, ती बंद पडली. अक्काची मधूनमधून खबर मिळायची. डिजिटल कॅमेरा घेतला, लगेच त्याच्याशी भांडण झालं, वगैरे.

ती मला शेवटची दिसली गगनबावड्याला, भर आषाढात. आम्ही कोकणात उतरत होतो. घाटाच्या तोंडाशी धुकं इतकं दाट की गाड्या माणसाच्या चालीनं जात होत्या. वळणाच्या अलीकडं रस्त्याच्या कडेला तिपाई लावलेली. कॅमेऱ्यावर प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीवर छत्री, आणि छत्री धरून अण्णा, स्वतः निथळत. मिशी सगळी पांढरी झाली होती. अक्का कॅमेऱ्याशी वाकलेली, पाठ पार भिजलेली. मी गाडी थांबवून उतरलो. जवळच निघालेल्या कुठल्याशा हॉटेलसाठी दरीचा फोटो हवा होता, असं अण्णांनी मला खुणेनं आणि कुजबुजीनं सांगितलं. सकाळपासून दरी उघडत नव्हती. मी "अक्का" म्हणून हाक मारली. तिनं वर न बघता हात केला, थांब म्हणून.

तेवढ्यात मागून एक मालट्रक आला आणि आमच्या उभ्या गाडीमागं थांबला. इंजिनच्या धडधडीनं तिपाईखालची जमीन हलायला लागली.

"इंजिन बंद कर!" अक्का ओरडली.

ड्रायव्हरनं खिडकीतून डोकं काढलं. घाटात उभ्या उभ्या ट्रक बंद करायला सांगणारी बाई त्यानं बहुधा पाहिली नव्हती. त्यानं छत्रीवाल्या अण्णांकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"कोन हाय ओ ह्या बाई?"

"फोटोग्राफर," मी म्हणालो.

त्यानं पुन्हा एकदा तिच्याकडं नीट बघितलं आणि चावी फिरवली. घाट एकदम शांत झाला. खाली कुठंतरी पाणी पडत असल्याचा आवाज तेवढा येत होता. अक्काचा एक डोळा कॅमेऱ्याला, एक हात अजून वरच. आम्ही सगळे, ट्रकवाल्यासकट, धुकं सरकायची वाट बघत उभे राहिलो.